तिरप्या भोकाची चिलीम

कैक वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा घड्याळं भिंतीला टांगत नसत, त्या कामावर माणसं नेमत. राजा कोण होता ते आता कुणाच्या लक्षात नाही आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही. त्याच्या राज्याच्या एका टोकाला टेकडीखाली एक गाव होतं आणि टेकडीवर एक चौकी होती. त्या चौकीत तुळाजी घड्याळजी बसे.

त्याचं काम ऐकायला अगदी सोपं. पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी आणि वाटीच्या बुडाला सुईएवढं छिद्र. छिद्रातून पाणी आत येत राही आणि घटका भरली की वाटी बुडे. ती बुडाली की तुळाजीने उठायचं, काशाच्या थाळीवर टोला द्यायचा आणि वाटी काढून पुन्हा पाण्यावर सोडायची. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच. त्याच्या टोल्यावर गाव गुरं सोडी, भाकरी खाई, लग्नाच्या अक्षता टाकी. पण वाटी सोडून तुळाजीला मात्र जागचं हलता येत नसे. लग्नाचा मुहूर्त त्याने द्यायचा आणि जेवणावळीचा नुसता वास वाऱ्याबरोबर वर यायचा.

दिवस मावळला की रात्रीचा घड्याळजी म्हादबा वर येई. टोले ऐकून ऐकून म्हादबाचे कान गेले होते. तुळाजी बोटाने वाटी दाखवी, म्हादबा मान डोलावी. तेवढं झालं की तुळाजी आपल्या खोपटाकडे निघे. बायको नाही, पोर नाही. चुलीशी बोलावं तर तीही विझलेली.

एकदा मात्र त्याने हिय्या केला. गावाच्या मधोमध पिंपळाचा पार होता आणि संध्याकाळी तिथे माणसं बसत. रोज संध्याकाळी त्यांच्या हसण्याचा आवाज ऐकून तुळाजीच्या मनात येई, आपणही जाऊन बसावं. गेला. येसू लोहार म्हणाला, "या, या घड्याळजी, बसा." तुळाजी कडेला टेकला. चिलीम फिरत होती. याच्या हातातून त्याच्या हातात, गप्पा मारता मारता चालली होती. येसूने ती ओढली, तुळाजीच्या समोरून हात लांब केला आणि पलीकडच्या माणसाला दिली.

झालं एवढंच. कुणी वाईट बोललं नाही, कुणी हसलं नाही. पण तुळाजीला वाटलं, भर पंगतीत आपलं पान वगळलं. तो थोडा वेळ बसला, मग "निघतो" म्हणून उठला. कुणी थांबवलं नाही हेही त्याने मनात टिपून ठेवलं. माणसाने एकदा रुसायचं ठरवलं की कारणांना तोटा नसतो.

त्या दिवसापासून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. आपण स्वतः चिलीम करायची. अशी करायची की गावाने बघत राहावं. मग हीच माणसं टेकडी चढून वर येतील आणि म्हणतील, "तुळाजी, चल की पारावर, आणि तुझी चिलीम घेऊन ये." वाटी बुडेपर्यंत हात रिकामेच असायचे. वेळही जाईल आणि मानही मिळेल, असा त्याने हिशेब केला.

(मुलांनो, तंबाखू वाईटच. तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. ही गोष्ट तंबाखूची नाही.)

पण चिलीम करायला यावी लागते. कुंभार मातीची करतो, ती पडली की फुटते. तुळाजीला लाकडाची हवी होती. त्याने पांगाऱ्याची फांदी तोडली, कारण ती कापायला मऊ. चिलीम सुरेख झाली आणि पहिल्याच निखाऱ्याला काठापासून जळत खाली आली. दुसरी त्याने बाभळीची केली. ती ओल्या लाकडाची होती, चार दिवसांत उभी चिरली. तिसरी कडुलिंबाची. ती टिकली, पण पहिल्या झुरक्याला तुळाजीचं तोंड जे कडू झालं ते दुसऱ्या दिवशीच्या भाकरीपर्यंत.

त्या वेळी तोंड वाकडं करून बसलेल्या तुळाजीला धुरपाने पाहिलं. धुरपा गावातली म्हातारी, शेरडं राखायची. चौकीच्या मागच्या उतारावर तिची शेरडं रोज चरायला येत. स्वतः पक्की चिलीम ओढणारी. तिने कडुलिंबाची चिलीम हातात घेतली, वास घेतला आणि खो खो हसली.

"आरं लेका तुळा, चिलीम केलीस का काढा क्येलास?"

"हसू नकोस काकी. येत असेल तर शिकव."

"मला कराया येत न्हाई. पर माझा बा करायचा, त्ये बघितलंय मी. खैराचं मूळ घ्यायचं. जुनं, वाळल्यालं. जे झाड आपसूक पडलंय त्याचं. आन् घाई करायची न्हाई. तुझ्यापाशी येळ हाय की रग्गड, सगळ्या गावाचा येळ हितंच तर ठिवलाय."

तशी शिकवणी सुरू झाली. धुरपा दगडावर बसायची, शेरडांवर एक डोळा आणि तुळाजीच्या हातांवर एक. खैराचं मूळ लोखंडासारखं कठीण. त्याला वाकसाने तासून आकार द्यायचा, पटाशीने वरची वाटी कोरायची आणि तापल्या सळईने उभं भोक पाडायचं. मग खरवताच्या खरखरीत पानांनी घासायचं, हात भरून येईपर्यंत घासायचं, आणि शेवटी जवसाचं तेल पाजायचं. वाकस, पटाशी आणि सळई धुरपानेच गावातून आणून दिली.

"येसू लव्हारानं दिल्यात," ती म्हणाली. "म्हनला, घड्याळजीला सांग, चिलीम जमली की खाली ईऊन दाव."

"तोंडदेखलं बोलतो," तुळाजी म्हणाला.

"त्वांड दिसलं तर त्वांडदेखलं बोलंल न्हवं? तुझं त्वांड दिसतंय कुनाला?"

तुळाजीने घंगाळाकडे पाहिलं. वाटी बुडाली होती, तो टोला द्यायला उठला.

खैराची पहिली चिलीम जवळजवळ साधली. पण भोक पाडताना सळई हातात फिरली आणि भोक तिरपं गेलं, खालच्या तोंडाशी ते मधोमध न निघता एका अंगाला निघालं. तुळाजीने ती उजेडात धरून पाहिली आणि त्याचा संताप झाला. वाकड्या भोकाची चिलीम घेऊन पारावर गेलो तर जन्मभर हसतील. त्याने ती उतारावरून भिरकावून दिली. शेरडं बुजली. धुरपाने काठीच्या आधाराने खाली जाऊन ती शोधून आणली.

"टाकलीस व्हय? मग मी घिऊ?"

"घे नाहीतर जाळ."

तिने ती कनवटीला लावली. तुळाजी ते विसरूनही गेला.

पुढची चिलीम सरळ आली. काळसर तांबूस, हातात गार आणि जड. तिच्या अंगावर त्याने वेल कोरली होती. धुरपा खूश झाली, पण तिने बजावलं.

"ऐक. नव्या लाकडाची चिलीम येकट्यानं वडायची न्हाई. पारावर ने. थोडी भर, चार तोंडांना वडू दे. येक झुरका झाला की मानूस बोलतं, हसतं, खोकतं, मग म्होरच्याला देतं. तवर लाकूड निवतं. असं तापत निवत आतून काजळीचा थर धरतो. त्यो थर म्हंजे चिलमीचं चिलखत. मग आग तिचं काय बी करत न्हाई."

"आणि एकट्याने ओढली तर?"

"येकट्याच्या तोंडाला दुसरं काम काय असतं? झुरक्यावर झुरका वडतंय. चिलीम जळती."

तुळाजीला ते पटलं. संध्याकाळी तो चिलीम घेऊन निघालाही. पाराजवळच्या वळणापर्यंत गेला. पलीकडून हसणं ऐकू येत होतं. त्याच्या मनात आलं, ही घेतील, उलटसुलट करतील, पोरासोरांच्या हाती देतील, कुणाच्या हातून पडेल. आणि घेतलीच नाही तर? पुन्हा समोरून हात लांब केला तर? तो वळणावरूनच परत फिरला. खोपटात बसून त्याने एकट्याने चिलीम भरली. चुलीकडे बघत ओढली, झुरक्यावर झुरका ओढली. मधेच त्याच्या बोटांना चटका बसला. वेलीवर काळा डाग उमटला होता आणि बघता बघता आतून जळून भोक पडलं.

शहाण्याने इथे धडा घेतला असता. तुळाजीने भलताच घेतला. तो म्हणाला, चिलीम पेटवायचीच नाही. करायची आणि टांगायची.

मग त्याने एकामागून एक चिलमी केल्या. त्याचा हात आता असा बसला होता की लाकूड ऐकू लागलं. एकीवर मोर, एकीवर माशांची रांग, एकीवर नुसत्या रेघा, पण त्या अशा की डोळा हटू नये. चौकीच्या भिंतीला त्याने खुंट्या ठोकल्या आणि चिलमी ओळीने टांगल्या. वाटी तरंगत असली की तो त्यांच्याकडे बघत बसे. वाट बघे म्हणा ना. कुणीतरी चढून येईल आणि भिंत बघून थक्क होईल. पण चौकीत कोण येणार? घटका मोजणाऱ्याला बोलण्यात गुंतवू नये, मोजणी चुकेल, असं गाव समजून होतं. येणारी एकटी धुरपा.

तिच्यासाठीही तो एक करत होता. तिच्यावर शेरडू कोरलं होतं, मागच्या पायांवर उभं राहून पाला ओरबाडणारं.

"माझी कदी देनार रं?" ती विचारायची.

"शिंगं राहिलीत अजून, काकी."

शिंगं केव्हाच झाली होती. खरं सांगायचं तर तुळाजीला भीती वाटत होती. चिलीम एकदा हातात पडली तर म्हातारी उद्या कशाला टेकडी चढेल? म्हणून तो शिंगं पुन्हा पुन्हा घासे आणि चिलीम तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवी. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं ते एवढंच तोंड होतं, आणि तेही चिलमीपायीच येतं, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती.

अशी वर्षं गेली, मग एक उन्हाळा फार कडक आला. टेकडीवर कोरडा वारा सुटला. एके दुपारी भिंतीवर टक्क असा आवाज झाला. तुळाजीने पाहिलं, मोराची चिलीम गळ्यापासून खालपर्यंत चिरली होती. दोन दिवसांनी माशांची. मग रेघांची. तो पाणी शिंपडी, तेल चोळी, पण चिलमी तडकतच राहिल्या.

धुरपाने भिंत पाहिली आणि ती पहिल्यांदाच हसली नाही.

"धूर न्हाई लागला, हाताचं त्याल न्हाई लागलं. कोरडी पडली बग. आरं, खुट्टीवर टांगून का लाकूड टिकतंय?"

"जपली होती मी, काकी."

"त्येच म्हनत्ये. लई जपलीस." तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "आज चल माज्याबरूबर खाली. म्हादबा आला की चल. मी थांबते."

"आज नको," तुळाजी म्हणाला. "उद्या बघू."

ती उठली, शेरडांना हाक घातली आणि उतरू लागली. वळणाशी तिने एकदा मागे पाहिलं. तुळाजी तेव्हा वाटीकडे बघत होता.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेरडं आली. एकटीच आली, सवयीने, आणि चौकीच्या दारात उभी राहून ओरडू लागली. तुळाजीने उतारावर पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. खाली जावं तर वाटी नुकतीच सोडलेली. गावाचा दिवस त्या वाटीत तरंगत होता आणि तुळाजी तिला बांधलेला होता.

दुपारच्या सुमारास नदीकाठी माणसांची काळी रांग सरकताना दिसली. मग धूर दिसला. तुळाजीला कळलं, आणि कळूनही त्याने उठून टोला दिला, कारण वाटी बुडाली होती. त्या दिवशीचे टोले गावाला रोजच्यासारखेच ऐकू आले. शेरडं दिवसभर त्याच्याभोवती बसून होती आणि तो त्यांच्या अंगावरून हात फिरवत रडत होता.

म्हादबा आला तसा तो शेरडं घेऊन धावतच उतरला. नदीवर गेला तेव्हा राख निवत आली होती. तिथे तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मग शेरडं आपल्या आपण गावाकडे चालू लागली आणि तोही त्यांच्यामागे चालू लागला. कारण एकट्याने खोपटात जाणं त्या संध्याकाळी त्याला झेपणारं नव्हतं.

पारावर माणसं गप्प बसली होती. येसू लोहाराने त्याला पाहिलं आणि तो बाजूला सरकला. तुळाजी टेकला. चिलीम फिरत होती. ती येसूच्या हातात आली तेव्हा तुळाजीची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच थांबली. काळीभोर, गुळगुळीत, तेल पाजल्यासारखी चकचकीत. कुठे चीर नाही, डाग नाही. आणि खालचं भोक मधोमध नसून एका अंगाला.

"ही कुठून आली?" त्याने विचारलं.

"धुरपाकाकीनं आणली," येसू म्हणाला. "किती दिवस झाले, सगळा गाव हिच्यावर ओढतो. भोक तिरपं आहे ना, म्हणून धूर निवून येतो, घशाला लागत नाही. कुणी केली म्हणून किती विचारलं, तर म्हातारी म्हणायची, करणारा वर बसलाय, यील कवातरी खाली, त्येलाच इचारा."

तुळाजीला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात ठेवलेलं त्याने बोलून टाकलं.

"येसू, मी एकदा इथे बसलो होतो. तू माझ्या समोरून चिलीम पलीकडे दिलीस."

येसूने आठवायचा प्रयत्न केला. मग तो ओशाळला.

"अरे, तुझ्या आधीचा घड्याळजी चिलमीला शिवत नसे. डोकं जड झालं तर घटका चुकेल, म्हणायचा. आम्हाला वाटलं, ती तुमची रीतच असणार. तुझ्यापुढे चिलीम धरली तर तुझा अवमान होईल, म्हणून नाही धरली. तू एकदा हात पुढे केला असतास तर?"

खरंच, त्याने हात पुढे केला नव्हता. त्या आधीच्या घड्याळजीची रीत त्याच्याबरोबर गेली होती, हे गावाला माहीत नव्हतं. आणि गाव आपल्याला मान देत होतं, हे तुळाजीला माहीत नव्हतं. दोन्हीकडून कुणी विचारलं नाही. त्यात केवढी वर्षं गेली.

तुळाजीने हात पुढे केला. येसूने चिलीम त्याच्या तळहातावर ठेवली. ती कोमट होती. त्याने एक झुरका ओढला, खोकला, आणि सगळे हसले तसा तोही डोळे पुसत हसला. मग चिलीम त्याने पुढच्याला दिली.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने शेरडाची चिलीम पारावर आणली. तेलाच्या फडक्यात ती शाबूत राहिली होती, पण जिच्यासाठी केली तिचा हात तिला लागला नव्हता. म्हातारीने सांगितलं होतं तशीच ती थोडी भरली आणि चार तोंडांनी ओढली. ती पारावरच राहिली. लोक तिला धुरपाची चिलीम म्हणत. तुळाजीला ते नाव ऐकलं की बरंही वाटे आणि त्याची नजर चौकीमागच्या उताराकडेही जाई. ज्या हाताने ती हसत हसत घेतली असती तो हात राखेत गेला होता, आणि ते काही कशाने भरून येणार नव्हतं. तडकलेल्या चिलमी त्याने खुंट्यांवरून काढल्या. त्या थंडीत पारावरच्या शेकोटीला कामी आल्या, आणि कोरलेला मोर जळताना बघून त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

आणखी एक झालं. एका संध्याकाळी म्हादबाला वाटी दाखवून तो पायऱ्या उतरू लागला आणि थबकला. इतकी वर्षं तो या माणसाला बोटाने वाटी दाखवून निघून जात होता. रात्रभर हा कुणाशी बोलत असेल? तुळाजी मागे फिरला, पारावरच्यांनी त्यालाच सांभाळायला दिलेली तिरप्या भोकाची चिलीम कमरेची काढली, भरली आणि म्हादबापुढे धरली.

म्हादबाने आधी चिलमीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला?" तो म्हणाला. त्याचा आवाज तुळाजीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हापासून एक घटका दोघे रोज बरोबर बसत. वाटी बुडाली की टोला द्यायला कधी हा उठे, कधी तो. शेरडं आता तुळाजीकडेच होती, ती दाराशी रवंथ करत बसत. मग तुळाजी खाली पारावर जाई, आणि त्याच्यासाठी जागा ठेवलेली असे.

म्हणून जाणती माणसं सांगतात: खुंटीवर जपलेलं लाकूड आणि रुसव्यात जपलेलं मन, दोन्ही तडकतात, चार हातांतून फिरतं तेच टिकतं.